रिकाम्या पेटीचा धडा : हॅमस्टरच्या सांभाळाविषयी

आमच्या वसतिगृहाच्या वाचनखोलीत, खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला लागून एक लाकडी पेटी ठेवलेली आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, समोरच्या बाजूस काच आणि वर बारीक जाळीचे झाकण. ती गावातल्या सुताराकडून करून घेतलेली आहे. आज ती रिकामी आहे. शाळेला भेट देणारे माजी विद्यार्थी तिच्यापाशी थबकतात आणि नवे विद्यार्थी ती कशाची म्हणून विचारतात. या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला होता. आम्ही विनंती करून त्याऐवजी या पेटीचा विषय घेतला. अलीकडे शहरांत स्थायिक झालेले आमचे अनेक माजी विद्यार्थी मुलांच्या हट्टापायी हॅमस्टर घरी आणतात आणि मग त्याच्या संगोपनाविषयी आमच्याकडे विचारणा करतात. जे आम्ही एका जिवाची किंमत मोजून शिकलो, ते त्यांना तशी किंमत न मोजता कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थी दिवाळीच्या सुटीनंतर वसतिगृहातील मुलांसाठी भेट घेऊन आला. रंगीत तारांचा एक छोटा पिंजरा, त्यात वीतभर व्यासाचे प्लास्टिकचे चाक आणि दोन सोनेरी हॅमस्टर. दोघे एकाच वेतातले नर. दुकानदाराने त्यास सांगितले होते की जोडी घ्या, एकट्याला करमत नाही. आम्हांलाही ते पटले. पहिल्यांदा घर सोडून वसतिगृहात आलेल्या प्रत्येक मुलाला आम्ही पहिल्या रात्री हेच सांगत आलो आहोत की येथे कोणी एकटे नाही. तेच वाक्य आम्ही त्या दोन जिवांनाही लागू केले.

मुलांनी अपार मायेने त्यांची व्यवस्था लावली. आमची बहुतेक मुले कापूस पिकवणाऱ्या गावांतली. त्यांनी मऊ कापूस आणून पिंजऱ्यात अंथरला. उजेड मिळावा म्हणून पिंजरा खिडकीत ठेवला. मधल्या सुटीत झोपलेल्या हॅमस्टरांना उठवून तळहातावर घेतले. डब्यातला चिवडा दिला, संत्र्याची फोड दिली. यांतली एकही गोष्ट दुष्टपणाने केलेली नव्हती आणि यांतली एकही गोष्ट योग्य नव्हती.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका पहाटे अधीक्षकांनी आम्हांस बोलावले. पिंजऱ्यातला कापूस रक्ताने माखला होता. एक हॅमस्टर मरून पडला होता आणि दुसरा फाटलेल्या कानाने कोपऱ्यात दबून बसला होता. पाचवीतला एक मुलगा, जो त्या वर्षी नव्याने आला होता व रात्री नीट झोपत नसे, त्याने आम्हांला विचारले, “सर, ते दोघं भाऊ होते ना? मग असं कसं केलं?” पंचवीस वर्षे वर्गात उत्तरे देणाऱ्या आमच्याजवळ त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

त्या दिवशीच्या परिपाठात आम्ही मुलांना एवढेच सांगितले की अपराध त्या प्राण्याचा नाही, आमचा आहे. प्रज्ञा, शील आणि करुणा हे तीन शब्द आम्ही शाळेत रोज उच्चारतो. त्या तीन आठवड्यांत आमच्याजवळ करुणा भरपूर होती, पण ज्या जिवाची करुणा करायची त्याच्याविषयीचे ज्ञान काडीचेही नव्हते. ज्ञानावाचून केलेली माया कशी जिवावर बेतते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर आम्ही पशुवैद्यकांना भेटलो, पुस्तके मिळवली आणि मुलांसह नव्याने अभ्यासाला बसलो. पुढील माहिती त्या अभ्यासातून आणि उरलेल्या हॅमस्टरच्या सांभाळातून जमलेली आहे.

हा प्राणी कोण आणि कोठला

कोणाचाही स्वभाव जाणायचा तर आधी त्याचा इतिहास पाहावा, ही आमची जुनी सवय. हॅमस्टर हा उंदराप्रमाणे कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला. त्याच्या अनेक जाती आहेत. दुकानांत मिळणारा, सुमारे पाच-सहा इंच लांबीचा व शंभर ते दीडशे ग्रॅम वजनाचा सोनेरी हॅमस्टर मूळचा सिरिया देशातल्या अलेप्पो परिसराचा व त्याला लागून असलेल्या तुर्कस्तानच्या दक्षिण भागाचा. १८३९ मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉटरहाऊस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. हॅमस्टर हे नाव साठवणूक करणे या अर्थाच्या जर्मन शब्दाशी जोडलेले आहे. त्याच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात. त्यांत दाणे भरून तो ते आपल्या कोठारात नेऊन ठेवतो.

तो माणसाच्या घरात आला तो मात्र प्रयोगशाळेच्या वाटेने, आणि त्या वाटेवर आपल्या देशाचा एक जुना शत्रू उभा आहे. त्याचे नाव काळा आजार. दीर्घ ताप, वाढलेली प्लीहा, काळवंडलेली त्वचा आणि उपचार न झाल्यास मृत्यू. वालुमाशीच्या दंशाने पसरणाऱ्या या रोगाने बंगाल, आसाम व बिहारमध्ये असंख्य माणसे नेली. ओलसर मातीच्या भिंतींच्या घरांत राहणाऱ्या गरिबांना त्याचा मार सर्वाधिक बसला. १९०३ मध्ये विल्यम लीशमन आणि मद्रासमध्ये काम करणारे चार्ल्स डोनोव्हन यांनी या रोगाचा परजीवी जगापुढे आणला. कलकत्त्याच्या डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी युरिया स्टिबामाइन हे औषध शोधून असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. याच परजीवीच्या जातकुळीवर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर संशोधन करीत होते. चीनमधून आणलेल्या हॅमस्टरची प्रयोगशाळेत वीण होत नसल्याने त्यांना जवळपासच्या प्रदेशातला हॅमस्टर हवा होता.

प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी त्यासाठी १९३० मध्ये अलेप्पोला गेले. स्थानिक मजुरांनी गव्हाचे शेत खोलवर खणले तेव्हा एक मादी आणि तिची अकरा पिले हाती लागली. भेदरलेल्या मादीने त्यांतल्या एका पिलाचा जीव घेतला. उरलेली पिले तिच्यापासून वेगळी करून माणसांच्या हातावर वाढवावी लागली. काही पिले लाकडी पेटीचा तळ कुरतडून निसटली. शेवटी जी मोजकी उरली, त्यांच्यापासून वीण झाली. पुढल्याच वर्षी ॲडलर यांनी त्यांतले काही ब्रिटनला नेले. तेथून हा प्राणी जगभर पसरला. आज पाळल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व सोनेरी हॅमस्टरांचे मूळ त्या एका बिळात आहे. गंमत अशी की त्याच्या मूळ भूमीत शेतकरी त्याला पिकाचा शत्रू मानतात आणि रानातली त्याची संख्या घटत चालली आहे.

हा इतिहास वाचताना आमच्या ध्यानात आले की सांभाळाचे निम्मे नियम त्यातच आहेत. भेदरलेली आई पिलाला मारते, लाकूड कुरतडून तो निसटतो आणि त्याचे खरे घर जमिनीत खोल असते.

एका घरात एकच

पाचवीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे. रानात सोनेरी हॅमस्टरच्या प्रत्येक बिळात एकच प्रौढ राहतो. नर व मादी केवळ समागमापुरते एकत्र येतात. पिले आईजवळ राहतात तीही थोडे आठवडे. वयात येताच ती एकमेकांना आपल्या हद्दीत खपवून घेत नाहीत, मग ती एकाच आईची का असेनात. मोकळ्या रानात हरलेला पळून जातो. पिंजऱ्यात त्याला पळायला जागा नसते. आमच्या पिंजऱ्यात जे घडले ते वैर नव्हते. दोघांपैकी एकाला निघून जाण्याची वाट आम्ही बंद केली होती.

म्हणून पहिला नियम असा की एका पेटीत एकच सोनेरी हॅमस्टर ठेवावा. पिले आठ आठवड्यांची होण्याआधीच वेगळी करावीत. नर आणि मादी एकत्र ठेवणे तर आणखी घातक. गर्भधारणेपासून अवघ्या सोळा दिवसांत मादी विते आणि एका वेळी आठ-दहा पिले सहज होतात. ती पिलेही महिना-दीड महिन्यात वयात येतात. दुकानातून आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. तशी ती व्याली तर पेटीपाशी गर्दी करू नये, पिलांना हात लावू नये व पेटीतली साफसफाईही काही दिवस थांबवावी. लहान चणीच्या बुटक्या जातींपैकी काही जाती कधी कधी एकत्र राहतात, पण नवख्याने तोही प्रयोग करू नये.

एकटेपणा हा माणसाला शिक्षा असतो. या प्राण्याला तो स्वास्थ्य असतो. हे कळायला आम्हांला वेळ लागला.

पेटी, अंथरूण आणि चाक

दुकानात मिळणारे रंगीत पिंजरे दिसायला सुंदर आणि राहायला अपुरे असतात. जमिनीचे सलग क्षेत्र किमान शंभर सेंटीमीटर लांब व पन्नास सेंटीमीटर रुंद असावे. मजले चढवून ही जागा भरून काढता येत नाही, कारण हॅमस्टरची नजर अधू असते, त्याला उंचीचा अंदाज येत नाही आणि पडल्यास हाड मोडते. मोठी प्लास्टिकची पेटी घेऊन झाकणाला जाळी बसवली किंवा जुने काचेचे मत्स्यपात्र वापरले तरी चालते. हवा खेळती हवी आणि झाकण पक्के हवे. लाकडी पेटी असल्यास कडा उघड्या ठेवू नयेत. अलेप्पोहून आलेल्या पिलांनी काय केले ते आपण वर वाचलेच आहे.

अभ्यासकांनी रानातली बिळे मोजली तेव्हा ती सरासरी अर्ध्या मीटरहून खोल आणि काही तर एक मीटरपर्यंत खोल आढळली. एवढी खोली घरात देता येणार नाही. पण निदान वीतभर, म्हणजे वीस सेंटीमीटरच्या आसपास अंथरूण द्यावे व पेटीच्या एका भागात त्याहून अधिक. म्हणजे त्याला बोगदा खणता येतो. अंथरुणासाठी शाई नसलेल्या कागदाचे तुकडे किंवा धूळ नसलेला, वास नसलेला लाकडाचा भुसा वापरावा. देवदार वा चीड यांचा उग्र वासाचा ताजा भुसा त्याच्या श्वासाला बाधतो. घरट्यासाठी साधा टिश्यू कागद फाडून द्यावा.

कापूस मात्र कदापि देऊ नये. त्याचे लांब धागे पायाला गुंडाळले जाऊन रक्तप्रवाह थांबतो, गालाच्या पिशवीत व आतड्यात अडकतात. आमच्या मुलांना हे ऐकून सर्वांत अधिक आश्चर्य वाटले. जे आपल्या घरी सर्वांत मऊ, तेच त्याच्या जिवावर उठणारे.

हॅमस्टरला धावपळ हवी असते. म्हणून चाक हवेच. सोनेरी हॅमस्टरसाठी त्याचा व्यास २८ सेंटीमीटरच्या आसपास असावा. धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे. चाक लहान असेल तर पाठीचा कणा वाकतो. धावण्याचा पृष्ठभाग सलग हवा. गजांचे चाक असल्यास पाय अडकून मोडतो. याशिवाय लपायला एक लाकडी खोके, कुरतडायला कडक लाकडाचा तुकडा आणि एका पसरट भांड्यात स्वच्छ, कोरडी वाळू ठेवावी. हॅमस्टर वाळूत लोळून अंग स्वच्छ करतो. त्याला पाण्याने आंघोळ घालू नये. त्याने अंगातली ऊब जाते व तो आजारी पडतो. वाळूच्या जागी बारीक पूडही वापरू नये, कारण ती फुप्फुसात जाते.

आहार

सोनेरी हॅमस्टरला दिवसाला साधारण दहा ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचाभर कोरडा आहार पुरतो. शहरात हॅमस्टरसाठी तयार केलेले खाद्य मिळते. ते मुख्य ठेवावे. त्याला जोड म्हणून आपल्या घरातली ज्वारी, बाजरी, गहू, राळे हे धान्य मीठ-मसाल्याविना द्यावे. सूर्यफुलाच्या व भोपळ्याच्या बिया त्याला फार आवडतात, पण त्यांत तेल अधिक असते, म्हणून दिवसाला दोन-तीनच. आठवड्यातून एक-दोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्यावा. काकडी, गाजर, दुधी, मोड आलेले मूग हे धुऊन, नखाएवढ्या तुकड्यांत द्यावे व न खाल्लेले सकाळी काढून टाकावे.

देऊ नये असे पदार्थ म्हणजे कांदा, लसूण, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, कडू बदाम, चॉकलेट, मिठाई, फरसाण व चिवडा. संत्री, मोसंबी, लिंबू ही आंबट फळेही वर्ज्य. नागपूरकडच्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

बशीतले दाणे संपले म्हणजे त्याने खाल्ले असे समजू नये. तो ते कोठारात नेऊन ठेवतो. कोठार रिकामे करून त्याला उपाशी समजून अधिक घालणे आणि कोठार भरलेले पाहून त्याला हावरा म्हणणे, दोन्ही चुकीचे. त्यातले ओले व नासके तेवढे काढावे आणि बाकी त्याचे त्याला राहू द्यावे. स्वच्छ पाणी बाटलीच्या नळीतून किंवा जड, उथळ भांड्यातून चोवीस तास मिळावे व रोज बदलावे. नळीतून पाणी खरोखर येते का, हे बोट लावून रोज पाहावे. अडकलेल्या नळीमुळे पाण्याने भरलेल्या बाटलीपाशीही प्राणी तहानेने मरतो.

त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. म्हणून कुरतडणे ही त्याची खोड नव्हे, गरज आहे.

उन्हाळा आणि हिवाळा

सिरिया हा उष्ण देश आहे, तेव्हा तिथल्या प्राण्याला आपला उन्हाळा सोसेल, असे आम्हांलाही प्रथम वाटले होते. पण भर उन्हात तो खोल बिळात असतो आणि तिथे गारवा असतो. पेटीत त्याला ती खोली नसते. १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. तीस अंशांपुढे त्याला त्रास होऊ लागतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हे लक्षात घेता आमच्याकडे या प्राण्याचा खरा शत्रू उन्हाळाच आहे.

पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर किंवा जमिनीजवळ ठेवावी. पत्र्याच्या छताखाली ठेवू नये व खिडकीतून तिच्यावर ऊन येऊ देऊ नये. पेटीत शहाबादी फरशीचा एक गार तुकडा आणि मातीचे पसरट भांडे उपडे घालून ठेवावे. त्यांवर तो पोट टेकून पडून राहतो. कूलर वा पंखा खोली थंड करण्यासाठी असावा, त्याचा झोत पेटीवर नको. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून टेकवता येते. हॅमस्टर लांब पसरून धापा टाकू लागला, सुस्तावला, तर त्याला ताबडतोब गार जागी न्यावे, पाणी समोर ठेवावे, पण थंड पाण्यात बुडवू नये, आणि पशुवैद्यकांकडे न्यावे.

थंडीची एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. फार थंडी पडली व अन्न कमी असले तर हॅमस्टर निश्चेष्ट होतो. शरीर गार पडते, श्वास अगदी मंद होतो आणि तो मेला असे वाटते. अशा वेळी घाईने पुरू नये. हाताच्या उबेने, उबदार खोलीत, हळूहळू त्याला ऊब द्यावी आणि मिशा वा छाती हलते का ते धीराने पाहावे.

झोप आणि हाताळणी

घरातला हॅमस्टर दिवसा झोपतो आणि सायंकाळनंतर जागा होतो. शाळेच्या वेळेला त्याची रात्र असते. झोपेतून अचानक उचलला की तो चावतो. तो चावला तर दोष त्याचा नाही. आम्ही वसतिगृहात नियम केला की रात्रीचा अभ्यास संपल्यावर, साडेआठनंतरच पेटी उघडायची.

नवा आणलेला हॅमस्टर पहिले तीन-चार दिवस निवांत राहू द्यावा. मग पेटीत हात स्थिर ठेवून तळव्यावर एक बी ठेवावी. तो वासाने ओळखतो, म्हणून हात धुतलेले असावेत. हाताला जेवणाचा वास असेल तर तो बोटालाच घास समजतो. स्वतः होऊन हातावर येऊ लागल्यावरच दोन्ही तळहातांच्या ओंजळीत उचलावा, तोही जमिनीवर बसून. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नये. रानात त्याच्यावर वरून येतो तो शिकारी पक्षी. पाच वर्षांखालील मुलांच्या हातात एकट्याने देऊ नये. हाताळल्यावर साबणाने हात धुणे सर्वांना बंधनकारक, कारण अशा प्राण्यांपासून काही जंतू व विषाणू माणसाला लागू शकतात. घरात गरोदर स्त्री असल्यास तिने हॅमस्टरची हाताळणी व साफसफाई टाळावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रात्री न झोपणारा तो पाचवीतला मुलगा याच वेळी पेटीपाशी येऊन बसू लागला. आम्ही त्याला एक वही दिली. कधी जागा झाला, काय खाल्ले, चाकावर किती वेळ धावला, वजन किती, हे तो रोज लिहू लागला. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन व्हायचे. एकदा दोन आठवड्यांत वजन ओळीने घटलेले त्याच्याच लक्षात आले. पशुवैद्यकांनी पाहिले तेव्हा दात वाढून खाणे अवघड झालेले आढळले. वेळीच उपचार झाले. वही नसती तर आम्हांला ते कळलेच नसते.

आजार ओळखणे

शिकार होणारे प्राणी दुखणे लपवतात. म्हणून रोज पाहणे हाच खरा उपाय. शेपटीखालचा भाग ओला व घाण दिसणे, पातळ शौच, खाणे सोडणे, डोळे चिकटणे, श्वासाला आवाज येणे, एक गाल सतत फुगलेला राहणे, केस झडणे, अंगावर गाठ येणे, यांपैकी काहीही दिसले तर उद्यावर ढकलू नये. ओल्या शेपटीचा आजार कोवळ्या वयाच्या हॅमस्टरला दोन-तीन दिवसांत नेतो. घरातली माणसांची औषधे देऊ नयेत.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुधा गुरांचे उपचार होतात. म्हणून एवढ्या लहान प्राण्यावर उपचार करणारे वैद्यक आपल्या आवाक्यात कोठे आहेत, हे प्राणी आणण्यापूर्वी शोधून ठेवावे. नागपूर व मुंबई येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे चौकशी करता येईल.

साफसफाईची पाळी

पेटीतला एक कोपरा हॅमस्टर स्वतःच लघवीसाठी ठरवतो. तेवढा भाग दर एक-दोन दिवसांनी काढून नवे अंथरूण घालावे. सगळे अंथरूण एकदम बदलू नये. त्याच्या वासावर त्याचे घर उभे असते. बदलायचे तेव्हा निम्मे जुने, कोरडे अंथरूण परत घालावे. भांडी रोज धुवावीत.

हे काम कोणी करायचे, यावरून वसतिगृहात एक प्रसंग घडला. पहिल्या काही दिवसांत दाणे घालायला सर्वांचे हात पुढे येत आणि घाण काढायला दोघेच ठरलेले विद्यार्थी उरत. हे पाहून आम्ही अस्वस्थ झालो. घाण काढण्याचे काम काही थोड्यांच्या माथी मारणारी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. तिची लहानशी प्रतिकृतीही आमच्या छताखाली उभी राहता कामा नये. म्हणून पाळीपत्रक केले. जो दाणे घालील तोच त्या दिवशी कोपरा साफ करील. पत्रकावर पहिले नाव आम्ही स्वतःचे लिहिले. घरोघरच्या पालकांनाही आमचे हेच सांगणे आहे. हौस मुलाची आणि साफसफाई आईची, अशी वाटणी होऊ देऊ नये.

आणण्यापूर्वी

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पाळणाऱ्यावर त्या प्राण्याच्या हिताची जबाबदारी टाकतो. ज्या पिंजऱ्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही, त्यात त्याला ठेवणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ चे नियम असून नोंदणी आवश्यक आहे. दुकानात गेल्यावर नोंदणी विचारावी. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये आलेले आपले मूलभूत कर्तव्य आहे.

मुलाने हट्ट धरला म्हणून त्याच दिवशी दुकानात जाऊ नये. आधी पेटी करावी, चाक आणावे, जागा ठरवावी, वैद्यक शोधावे, सुटीत गावी जाताना कोण सांभाळणार ते ठरवावे आणि मग महिनाभर थांबावे. महिन्यानंतरही इच्छा टिकली तर आणावा. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात खोली थंड ठेवण्याची सोय नाही, त्यांनी आणू नये. त्यात कमीपणा नाही. न आणणे हाही त्या जिवाचा सांभाळच आहे.

हॅमस्टरचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. आमचा फाटक्या कानाचा हॅमस्टर त्या घटनेनंतर दोन वर्षांहून थोडा अधिक काळ जगला. शेवटच्या महिन्यांत तो चाकावर चढेनासा झाला, तेव्हा मुलांनी चाक काढून त्या जागी फरशीचा तुकडा ठेवला. एका सकाळी तो घरट्यात गुंडाळून पडलेला आढळला. मुलांनी त्याला घाईने पुरले नाही. शिकवल्याप्रमाणे ऊब देऊन, दुपारपर्यंत थांबून, खात्री करून मगच कडुनिंबाखाली मातीत ठेवले. तोवर सातवीत गेलेल्या त्या मुलाने वहीत शेवटचे वजन आणि तारीख लिहिली. ती वही शाळेच्या कपाटात आहे. पहिल्या पानावर, पेटीचा आराखडा काढण्यापूर्वी, त्याने स्वतःहून एक ओळ लिहिलेली आहे, “याला एकटं राहू द्यायचं.”

नवा हॅमस्टर आणावा, असे मुले अधूनमधून म्हणतात. वाचनखोलीतला उन्हाळ्याचा प्रश्न सुटेपर्यंत पेटी रिकामीच ठेवायची, असे आम्ही आणि मुलांनी मिळून ठरवले आहे.

स्वाध्याय

१. सोनेरी हॅमस्टर एका पेटीत एकच का ठेवावा? त्याच्या रानातल्या राहणीच्या आधारे सांगा.
२. कापूस, संत्रे आणि खिडकीतले ऊन या तिन्ही गोष्टी हॅमस्टरला कशा अपायकारक ठरतात?
३. आपल्या घरातली सर्वांत थंड खोली कोणती? मे महिन्यात दुपारी तिचे तापमान मोजा व पेटी तेथे ठेवता येईल का ते ठरवा.
४. आपल्या घरातल्या साफसफाईचे पाळीपत्रक तयार करा. त्यात कोणाचे नाव सर्वांत अधिक वेळा येते, ते पाहा.
५. आपण कोणासाठी मायेने केलेली, पण त्याला न मानवलेली एखादी गोष्ट आठवा. ती करण्यापूर्वी काय जाणून घ्यायला हवे होते, ते लिहा.